धोकटीतला दगड

गावचं घर विकायचं ठरलं तेव्हा माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. सातारा जिल्ह्यातलं दोन खणांचं, पुढे पडवी असलेलं घर. माळ्यावर काय काय निघालं याची यादी देत बसत नाही, सगळ्यांच्या माळ्यावर तेच निघतं. फक्त एक वस्तू खाली आणल्यावर अण्णा खुर्चीवरून उठले आणि काही न बोलता पडवीत जाऊन बसले. ती तात्यांची धोकटी होती.

आम्ही नाभिक. तात्या, म्हणजे माझे आजोबा, गावचे बलुतेदार. धोकटी म्हणजे हत्यारं ठेवायची चामड्याची घडीची पिशवी. तात्यांच्या धोकटीत दोन वस्तरे होते, एक कात्री, नखं काढायची नराणी, चिमटा, पाण्याची पितळी वाटी, पारा उडालेला आरसा, चामोटी आणि सुती फडक्यात गुंडाळलेला एक दगड. वस्तरे गंजले होते, चामोटी वाळून कडक झाली होती. दगडाला मात्र काहीही झालं नव्हतं. दगडांचं ते बरं असतं.

अण्णा का उठून गेले ते मला ठाऊक होतं. त्यांच्या शाळेत दर शनिवारी नखं तपासली जात. ज्याची नखं वाढलेली असत त्याला शिक्षा नसे, शिक्षा अण्णांना असे. घरून नराणी आणायची आणि वर्गातल्या सगळ्यांची नखं कापायची. शिक्षकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट मुलाच्या हातात कला आहे असं ते कौतुकानं सांगत. अण्णा मॅट्रिक झाले, सरकारी कचेरीत कारकून झाले आणि त्यानंतर त्यांनी हत्याराला हात लावला नाही. स्वतःची दाढीसुद्धा ते सेफ्टी रेझरनं करत. मी मुलगी, त्यामुळे धोकटी माझ्याकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. तिचा वारसा अण्णांपाशीच संपला होता आणि तो त्यांनी समजून-उमजून संपवला होता.

मी ती पिशवी पुण्याला घेऊन आले. माझा बहाणा दगडाचा होता. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते.

*

दगड साबणाच्या लांबट वडीएवढा. एक बाजू फिकट पिवळी, सायीच्या रंगाची; दुसरी निळसर जांभळी. दोन्ही थरांमध्ये फट नाही, गोंदाची रेषा नाही, म्हणजे जोड निसर्गानंच घातलेला. पिवळी बाजू मधोमध खोलगट झालेली. बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत. असा दगड आपल्याकडचा नाही, हे सांगायला भूशास्त्राची पदवी लागत नाही. दख्खनचा काळा पाषाण जात्याला, पाट्या-वरवंट्याला, देवळाच्या पायरीला उत्तम. विळी घासायलाही चालतो. पण वस्तऱ्याच्या धारेला तो फार ओबडधोबड.

दगड फोडून पाहायचं मनात येणं शक्य नव्हतं. म्हणून पिवळ्या बाजूवर दोन थेंब पाणी टाकून दुसऱ्या एका कठीण दगडाच्या तुकड्यानं घासलं. दुधासारखा पांढुरका गाळ आला. त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सगळीकडे बारीक, गोलसर, एकसारखे कण. दोन ध्रुवक काटकोनात आणले की बहुतेक खनिजं रंगीत चमकतात; हे कण मात्र विझून काळे झाले. असं विझणारं, पोलादापेक्षा कठीण आणि इतकं बारीक खनिज म्हटल्यावर फार शोधावं लागलं नाही. ते गार्नेट होतं, म्हणजे आपल्याकडचा तामडा. दागिन्यात मिरवणारा तामडा इथे पाच ते पंधरा मायक्रॉनच्या आकाराचा होऊन अभ्रकाच्या मऊ गाळात अक्षरशः खच्चून भरला होता.

हा दगड बेल्जियमचा. आर्देनच्या डोंगराळ भागात व्हिएलसाल्म आणि साल्मशातो ही गावं आहेत, त्यांच्या आसपासच्या पाटीच्या खडकात हे पिवळे थर सापडतात. त्याला तिकडे कोतिक्यूल म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाच्या पूर्वजाचा अर्थच मुळी छोटा निसणा. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी मँगनीजयुक्त गाळ बसला, पुढे डोंगर घडताना तो दाबला-भाजला गेला आणि त्यात या गार्नेटचे स्फटिक तयार झाले. बहुतेक थर काही सेंटिमीटर जाडीचेच. त्यामुळे जमिनीखाली बोगदे खणून, निळ्या खडकासकट थर काढून, हातानं कापून वड्या पाडाव्या लागत. १९व्या शतकात युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या न्हाव्यांच्या दुकानांतून हे दगड असत. १९८०च्या सुमारास खाणी बंद पडल्या, नंतर एका लहान कंपनीनं काम पुन्हा सुरू केलं. आज साल्मशातोला या दगडाचं संग्रहालय आहे.

गार्नेटचा स्फटिक बारा पैलूंचा असतो आणि त्याचे कोपरे बोथट, विशाल कोनाचे असतात. म्हणून तो पोलादाला खोल ओरखडा काढत नाही, उथळ चर पाडतो. वस्तरा गालावर मऊ लागतो तो या भूमितीमुळे. हे मला वाचून कळलं. तात्यांना गालावरून कळलं असणार, तेही दुसऱ्याच्या.

*

बेल्जियमचा दगड साताऱ्याच्या माळ्यावर कसा आला, हे आजी जिवंत असताना सांगायची. तेव्हा ते नीट ऐकलं नव्हतं. आता दगड हातात आल्यावर आठवलं. तात्या दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटच्या एका पलटणीबरोबर इटलीत होते. शिपाई म्हणून नव्हे. पलटणीबरोबर स्वयंपाकी, धोबी, मोची, भिस्ती, सफाईवाले आणि न्हावी असत. फौजेच्या कागदांत त्यांना 'फॉलोअर' म्हणत, म्हणजे मागून येणारे. यशवंत घाडगे तिबेर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ला एकट्यानं मशीनगनवर धावून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेले, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. त्या मोहिमेतल्या जवानांच्या दाढ्या कोण करत होतं, ही गोष्ट कोणी विचारत नाही. फौजेत दाढी ही हौस नसते, हुकूम असतो. रोज शेकडो गाल आणि वस्तरे दोन. धार किती वेळा लावावी लागत असेल याचा हिशेब करून पाहावा.

"त्यांनी दोन म्हैन्याच्या शिग्रेटी दिल्या एका गोऱ्या न्हाव्याला, आन् ह्यो दगूड घेतला," आजी सांगायची. "लोकं इलायतेवरनं घड्याळं आनत्यात, ह्यांनी दगूड आनला."

१९४४च्या डिसेंबरात, तात्या इटलीच्या चिखलात हा दगड घासत असताना, ज्या खोऱ्यातून तो निघाला तिथेच, व्हिएलसाल्मच्या पुलांवरून अमेरिकन फौज माघार घेत होती आणि मागून जर्मन रणगाडे येत होते. तात्यांना हे ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पण दगड पाहिला की मला ते आठवतंच.

आजी आणखी एक गोष्ट सांगायची आणि सांगताना तोंडाला पदर लावायची. फौजेतून आल्यावर तात्यांना दगडावर थुंकायची सवय लागली होती. गावात ते चालण्यासारखं नव्हतं. गिऱ्हाईक भडकलं, मग पितळी वाटी आली. आम्ही हसायचो. पुढे मी प्लिनी वाचला तेव्हा हसू आवरलं. इसवी सन ७७च्या सुमाराला लिहिलेल्या आपल्या प्रचंड ग्रंथात या रोमन गृहस्थानं धारेच्या दगडांचे प्रकार सांगितले आहेत. काही तेलावर चालतात, काही पाण्यावर. आणि एक प्रकार माणसाच्या लाळेवर चालतो, तो न्हाव्यांच्या दुकानांत वापरतात आणि त्यातले उत्तम दगड स्पेनमधून येतात. दोन वर्षांनी व्हेसुव्हियसच्या उद्रेकात प्लिनी मेला. त्यानं लिहून ठेवलेली सवय मात्र इटलीतच, एकोणीसशे वर्षांनी, आमच्या तात्यांच्या जिभेवर सापडली.

*

माझी स्वतःची सुरुवात वस्तऱ्यानं झाली नव्हती. आमच्या गल्लीत सायकलवर चाक बसवलेला धारवाला येतो. त्याच्या कोरड्या चाकातून ठिणग्या उडतात, पोरं बघायला जमतात आणि सुरीची धार चार दिवसांत जाते. जाणारच. ठिणगी उडते आहे म्हणजे कडेचं पोलाद तापतं आहे, आणि तापलेल्या पातळ कडेचं पाणी उतरतं. म्हणून काही वर्षांपूर्वी मी एक जपानी बनावटीचा पाण्याचा दगड घेतला होता, एका बाजूला १००० नंबरचा, दुसऱ्या बाजूला ६०००चा. नंबर वाढतो तसा कण बारीक होतो: १०००च्या दगडात दहा-पंधरा मायक्रॉनचे, ६०००च्या दगडात दोन-तीन मायक्रॉनचे. सुरी साधारण पंधरा अंशांत कलती धरायची आणि तो कोन शेवटपर्यंत मोडायचा नाही, एवढंच काम. एका बाजूनं घासत गेलं की दुसऱ्या बाजूला कडेवर पोलादाची केसाहून बारीक तार उभी राहते, नखाला लागते. ती आली म्हणजे कड खरोखर कडेपर्यंत घासली गेली. मग बाजू बदलायची, शेवटी ती तार हलक्या हातानं मोडायची. पिकलेला टोमॅटो न दाबता कापला गेला की दिवस सार्थकी लागतो. ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांनी करून पाहावं, निदान तोवर चिनी मातीच्या बरणीच्या बुडाला सुरी घासत राहावं. त्या न चकाकणाऱ्या बुडाचाही निसणाच होतो, आपल्या आयांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

पाणी दोन कामं करतं. घासून निघालेलं पोलाद वाहून नेतं, नाहीतर ते दगडाच्या रंध्रांत बसून दगड मुका होतो. आणि दगडातून सुटलेले कण तरंगत ठेवतं. जपानी परंपरेत या दुसऱ्या कामाला फार मान. क्योटोच्या पश्चिमेच्या डोंगरांत नाकायामा, नारुताकी अशा खाणींतून निघालेले बारीक दगड शतकानुशतकं तलवारी, सुताराच्या हत्यारांना आणि वस्तऱ्यांना वापरले गेले. कोट्यवधी वर्षांपूर्वी खोल समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जिवांच्या सिलिकामय सांगाड्यांचा तो खडक. त्यावर नागुरा नावाचा लहान दगड घासून आधी लगदा काढतात. घासता घासता लगद्यातले कण फुटून बारीक होत जातात आणि धारही त्यांच्याबरोबर बारीक होत जाते. १८७६मध्ये मेजी सरकारनं तलवार बाळगायला बंदी केली. तलवारी घडवणाऱ्या कित्येकांनी मग सुऱ्या, पटाशी आणि वस्तरे घडवायला घेतले. साकाई शहरात आजही पातं घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा. धार लावणं हे तिथे दुय्यम काम मानत नाहीत.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांना धार लावण्याची तजवीज दिली आहे: उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा घासण्यासाठी आणि सावरीच्या लाकडाची फळी धार टिकवण्यासाठी. म्हणजे दगड आणि चामोटी, हीच जोडी. कोणत्या कामाच्या शस्त्राला किती बारीक धार हवी तेही सांगितलं आहे: भेदनाला मसुराएवढी, लेखनाला अर्ध्या मसुराएवढी, वेधाला केसाएवढी, छेदनाला अर्ध्या केसाएवढी. अंगावरचे केस कापून परीक्षा घ्यावी, असंही म्हटलं आहे. मीही तेच करते. माझ्या डाव्या हातावर गेल्या वर्षभरात लव उरलेली नाही. शस्त्र कठीण करण्यासाठी क्षार, पाणी किंवा तेल 'पाजावं', हाही तिथलाच शब्द. पोलादाला पाणी पाजणं आपण अजून म्हणतो. आणि पाण्याची धार आणि पात्याची धार यांना मराठीत एकच शब्द आहे, हे दगडावर पाणी सोडताना मला पहिल्यांदा जाणवलं. चाळीस वर्षं मराठी बोलून.

ग्रंथातलं शस्त्र वैद्याच्या हातात होतं म्हणून ते ग्रंथात आलं. तेच काम न्हाव्याच्या हातात आलं की ते बलुतं झालं. सुगीला खळ्यावरचं धान्य, आणि सणावाराला वाढून दिलेलं.

*

धारेच्या इतिहासात पाण्याची एक बाजू फार काळी आहे. तात्यांच्या एका वस्तऱ्याच्या बुडाशी शेफील्डचा छाप आहे. इंग्लंडमधल्या या गावातून जगभर सुऱ्या, काटे आणि वस्तरे जात. तिथली चाकं वाळूच्या खडकाची. सुऱ्या ओल्या चाकावर घासत, जेवणाचे काटे कोरड्या. १८४३मध्ये कॅल्व्हर्ट हॉलंड या तिथल्याच डॉक्टरनं या कामगारांच्या फुप्फुसांवर पुस्तक लिहिलं. कोरड्या चाकावरचे काटेवाले ऐन तिशीत खोकून खोकून मरत होते, ओल्या चाकावरचे त्यांच्यापेक्षा जास्त जगत. सिलिकाची धूळ पाण्यानं खाली बसते, एवढाच फरक. मी वर्गात सिलिकोसिस शिकवते तेव्हा हेच उदाहरण देते. आता त्या सायकलवाल्यालाही सांगते, तोंडाला फडकं बांधा. तो हसतो.

शेफील्डच्या पोलादाचा मुंबईशीही एक धागा आहे. १७९४ साली मुंबईहून हेलेनस स्कॉट या डॉक्टरनं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना भारतीय पोलादाचे नमुने पाठवले. 'वूट्झ' म्हणून ते तिकडे गाजलं. जेम्स स्टोडार्ट या हत्यारवाल्यानं त्यातून पाती घडवली आणि पुढे तरुण मायकेल फॅरडेला हाताशी धरून तसंच पोलाद बनवण्याचे प्रयोग केले. विजेच्या शोधांआधी फॅरडे पोलादाच्या मुशीपुढे उभा होता आणि आपल्या प्रयोगातल्या पोलादाचे वस्तरे त्यानं मित्रांना भेट दिले होते. इथल्या भट्टीवाल्यांची नावं त्या पत्रव्यवहारात कुठेच नाहीत.

नावं नसलेल्यांच्या इतिहासात एक प्रसंग मात्र नावानिशी सापडतो, आणि तो मी दगडाच्या निमित्तानं पहिल्यांदा नीट वाचला. १८९०मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. गिरणी कामगारांची संघटना बांधणारे, 'दीनबंधु' चालवणारे, सत्यशोधक. शेकडो नाभिक त्यात होते. केशवपन एकदाच होत नसे. केस वाढतात, म्हणून ते पुनःपुन्हा करावं लागे, म्हणजे ती बांधील मिळकत होती. ती त्यांनी सोडली. पुस्तकांत हे 'न्हाव्यांचा संप' म्हणून दोन ओळींत येतं. मी बाई असल्यामुळे असेल, पण मला त्या दिवशीचे वस्तरे दिसतात. दगडावर घासलेले, चामोटीवर फिरवलेले, तयार आणि मिटून ठेवलेले.

अण्णांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्या शाळेच्या पुस्तकात हे नव्हतं."

*

दगडाचा मृत्युलेख अमेरिकेत लिहिला गेला. किंग कँप जिलेट या विक्रेत्याला वापरून फेकून द्यायच्या पात्याची कल्पना सुचली. इतकं पातळ पोलाद कडक होऊच शकत नाही असं जाणकार म्हणत होते; विल्यम निकर्सन या अभियंत्यानं ते करून दाखवलं. १९०३ हे विक्रीचं पहिलं वर्ष. रेझर खपले ५१, पाती १६८. पुढच्याच वर्षी नव्वद हजारांवर रेझर गेले. जाहिरातीचं ब्रीद होतं: ना चामोटी, ना दगड. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर विकत घेतले. युद्धाहून परतलेला प्रत्येक जण स्वतःची दाढी स्वतः करायला शिकून आला. त्याआधीच १८९१मध्ये अ‍ॅचिसननं विजेच्या भट्टीत कार्बोरंडम बनवलं होतं आणि कारखान्यातले स्वस्त, एकसारखे दगड बाजारात येत होते. खाणीच्या दगडाला वरून रेझरनं आणि खालून कृत्रिम दगडानं गाठलं.

भारतातल्या न्हाव्याच्या हातातला दगड त्यानंतरही पुष्कळ वर्षं टिकला, कारण इथे दाढी दुसऱ्याकडून करून घेणं स्वस्त होतं. का स्वस्त होतं ते वर आलंच आहे. इथला दगड संपवला तो एका विषाणूच्या भीतीनं. १९८६मध्ये देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि पुढच्या काही वर्षांत गिऱ्हाईकं विचारू लागली, "ब्लेड नवं आहे ना?" अर्धं ब्लेड अडकवायचे वस्तरे आले. गिऱ्हाईकासमोर पाकीट फाडायचं, ब्लेड मोडायचं, दाढी झाली की टाकून द्यायचं. हे योग्यच झालं, त्यात वाद नाही. पण तात्यांना ते जमलं नाही. त्यांचं म्हणणं, ब्लेड बोलत नाही. गावात दुसऱ्या एकानं खुर्ची आणि आरसा टाकला, आणि तात्यांकडे त्यांच्याच वयाची चार-पाच म्हातारी येत राहिली. ती एकेक करून गेली. शेवटच्याची दाढी तात्यांनी तिरडीशेजारी बसून केली, असं आजी सांगायची.

*

वस्तऱ्याची धार सुरीपेक्षा सोपी, असं मी वाचलं होतं. कोन धरायचा प्रश्न नाही. पातं आडवं टेकवायचं, जाड पाठ आणि पातळ कड दोन्ही दगडाला लागली की कोन आपोआप बनतो. दगडावर कड पुढे ठेवून सरकवायचं, चामोटीवर पाठ पुढे ठेवून. उलटताना पाठीवरून उलटायचं. एवढंच. मी महिनाभर घासत होते. गंज गेला, पातं चमकायला लागलं, पण केस कापण्याऐवजी ते केस ओढायचं. एका केसावर पोलाद हरतं हे २०२०मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. केस पोलादाच्या पन्नासपट मऊ असूनही तो वाकला की कडेच्या कमकुवत जागी कपची उडवतो. माझ्या वस्तऱ्याला मात्र केसाची गरज नव्हती, मीच पुरेशी होते.

मला वाटलं दोष दगडाच्या खळग्याचा. धारेचा दगड सपाट हवा, सगळे हेच सांगतात. रविवारी सकाळी ओट्याच्या कडप्प्यावर पाणकागद पसरला, पाणी शिंपडलं आणि पिवळी बाजू खाली करून दगड घासायला घेतला. तीन-चार हात मारले असतील. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला, तेव्हापासून ते आमच्याकडेच असतात, उजव्या हाताला कंप असतो. पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. दारात येऊन ते उभे राहिले.

"काय करतीयेस?"

"सपाट करते. मधे खोल झालाय."

"नको करू." मग थोडं थांबून म्हणाले, "वस्तरा धर उजेडाकडं. कड बघ."

मी धरला. कड सरळ नव्हती, मधोमध किंचित फुगीर होती, धनुष्यासारखी. मी महिनाभर ते पाहिलं होतं आणि झिजल्याची खूण समजले होते.

"ह्या वस्तऱ्याला ह्योच दगूड लागतो," अण्णा म्हणाले. कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून ही भाषा मी पहिल्यांदा ऐकली. "दोघं एकमेकाला झिजवत आलेत. दगूड सपाट केलास तर वस्तरा कुठं टेकायचा?"

मी पाणकागद उचलून ठेवला. दगड पुन्हा फडक्यावर मांडला, पिवळी बाजू वर. अण्णा स्टूल ओढून बसले. वाटीतलं पाणी टाकून मी दूध काढलं. त्यांनी ते पाहिलं आणि मान हलवली: फार दाट. या दगडाची सगळी खुबी इथेच आहे, हे मी वाचलं होतं आणि हाताला ते कळलं नव्हतं. दाट दुधात सुटे गार्नेट पोलाद भराभर खातात, पण कडेलाही आपटतात, तिला पुरतं बारीक होऊ देत नाहीत. म्हणून थेंबाथेंबानं पाणी वाढवत दूध पातळ करायचं. शेवटी नुसतं पाणी उरलं की गार्नेट दगडात घट्ट बसलेले असतात, कासवाच्या गतीनं काम करतात आणि तिथे खरी धार येते. एकच दगड, खरखरीत आणि बारीक दोन्ही. फरक फक्त पाण्याचा. इटलीपर्यंत पाठीवर वागवायचा तर न्हाव्याला याहून बरा दगड मिळाला नसता.

मी वस्तरा टेकवला आणि सरकवला. एक. दोन. तीन.

"पाठ उचलतीयेस."

"नाही उचलत."

"उलटताना उचलतीस. आवाज बदलतो. ऐक."

मी पुन्हा सरकवला. ऐकलं. खरंच, टोकाशी पोहोचताना एक हलका, वेगळा सूर लागत होता. पातं उलटण्याच्या घाईत पाठ दगडावरून सुटत होती आणि एकटी कड घासली जात होती. महिनाभर मी प्रत्येक फेरीत धार लावत होते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी मोडत होते.

"तुम्हाला तात्यांनी शिकवलं होतं?"

"शिकवत्यात कुठं. आंगनात बसून अभ्यास करायचो, रोज पहाटे कानावर पडायचं." त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, त्यांनी तो डाव्यानं धरला. "घाल. पाणी घाल अजून."

मी वाटी कलती करून दोन थेंब सोडले.